क्रुसेडची मोहीम नकाशावर कशी अभ्यासावी

जेरुसलेम व आसपासच्या प्रदेशासाठी युरोपातील ख्रिस्ती सैन्यांनी मुस्लिम सत्तांशी केलेल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांचा, म्हणजेच क्रुसेडांचा, युद्धपद्धतीच्या दृष्टीने अभ्यास करायचा असेल, तर आरंभ लढायांच्या वर्णनांपासून करू नये. उघड्या मैदानात समोरासमोर झुंजण्याचे प्रसंग विरळ होते. सैन्यांचा बहुतेक काळ मजल दरमजल चालण्यात आणि वेढे घालण्यात गेला. म्हणून एकच मोहीम निवडावी, तिचा नकाशा पुढ्यात घ्यावा आणि राजांची नावे लिहिण्याआधी त्यावर झरे, विहिरी व नद्या यांच्या खुणा कराव्यात.

या कामाला ११८७ ची हत्तीनची मोहीम फार उपयोगी पडते. जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी याचे सैन्य सफ्फुरियाच्या झऱ्यांपाशी तळ देऊन बसले होते आणि त्याला तेथून हलवण्यासाठी इजिप्त व सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने सरोवराकाठच्या तिबेरियास शहरावर हल्ला केला. तेथील किल्ल्यात ज्याची पत्नी अडकली होती, त्या त्रिपोलीच्या सरदार रेमंडनेच गीला पुढे न जाण्याचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही. आता सफ्फुरिया ते तिबेरियास अशी रेघ ओढावी. अंतर जेमतेम २५ किलोमीटरच्या आसपास भरते. परंतु जुलैचे ऊन, वाटेत अपुरे पाणी आणि पिछाडीवर घोडेस्वार तिरंदाजांचा अखंड मारा यांची भर घातली की ही मजल एका दिवसात का संपली नाही, ते कळते. ३ जुलैची रात्र सैन्याने तहानेने काढली आणि दुसऱ्या दिवशी, शत्रूने पेटवलेल्या गवताच्या धुरात, ते मोडले.

यानंतर ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने आक्रा बंदराहून किनाऱ्याने जाफा बंदराकडे केलेली कूच शेजारी मांडावी. कागदावर समुद्राच्या बाजूला सामानसुमान, मध्ये सरदारांचे घोडदळ आणि जमिनीच्या बाजूला क्रॉसबोधारी (घोडा दाबून बाण सोडणारे आडवे धनुष्य वापरणारे) पायदळ अशा समांतर रांगा काढाव्यात. पायदळाचे काम घोडे वाचवण्याचे होते, कारण जड घोडदळाचा धावा हेच या सैन्याचे मुख्य अस्त्र होते आणि एकदा सुटलेला धावा आवरणे कठीण असे. रसद किनाऱ्यालगतच्या गलबतांवरून मिळत होती. सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने अंगात बाण रुतलेले शिपाई रांग न मोडता चालताना पाहिल्याचे लिहिले आहे. शत्रूपक्षाची ही साक्ष असल्याने मला ती अधिक मोलाची वाटते. ७ सप्टेंबरला अर्सूफजवळ पिछाडीच्या हॉस्पिटलर या लढवय्या धार्मिक संघाच्या सरदारांनी इशाऱ्याची वाट न पाहता धावा केला, तेव्हा रिचर्डने उरलेले घोडदळही त्यांच्यामागे सोडले आणि विजय मिळाला.

वेढ्याकडे वळताना तटाच्या उंचीआधी लाकूड कोठून आले ते शोधावे. १०९९ च्या जूनमध्ये जेरुसलेमवरचा पहिला हल्ला शिड्यांअभावी फसला. पुढे जाफ्याला आलेल्या जेनोआच्या जहाजांमधून लाकूड, दोर आणि कारागीर मिळाले व चाकांवरचे मनोरे उभे राहिले. क्रुसेडच्या सेनानींपैकी एक असलेल्या गॉडफ्रीचा मनोरा रातोरात सुटा करून तटाच्या दुबळ्या भागासमोर नेण्यात आला आणि १५ जुलैला शहर पडले. त्यानंतरच्या कत्तलीची नोंदही याच पानावर करावी. अँटिऑकचा वेढा मात्र वेगळ्या चौकटीत ठेवावा, कारण तेथे आठ महिन्यांनी शहर मिळाले ते बुरुजावरील एका रक्षकाच्या फितुरीने.

इतिवृत्तांतील सैन्यसंख्या मात्र नकाशावर शाईने लिहू नये. लाखांचे आकडे दिसले, की त्या पाणवठ्यावर तेवढी माणसे व घोडी एका दिवसात पाणी पिऊ शकली असती का, एवढे तपासावे आणि मगच पेन्सिलीने नोंद करावी.