डोकं कुठं, पाय कुठं : मल्लखांब स्पर्धेचं सामुदायिक रेडिओवरून थेट समालोचन

क्रिकेटच्या समालोचकाला चेंडू, धावा आणि षटकं हा आयता सांगाडा मिळतो. कबड्डीत निदान चढाई आणि पकड यांची लय असते. मल्लखांबात यातलं काहीच नाही. खेळाडू सलामी देतो, उडी मारून खांब धरतो आणि साधारण दीड मिनिटाच्या आत संच, म्हणजे ठरवलेल्या पकडींची साखळी, संपवून गादीवर उतरतो. आवाज म्हणाल तर तळव्याचा फटका, दोरीची करकर आणि शेवटचा धप्प. चीअरलीडिंगच्या अडीच मिनिटांच्या सादरीकरणाला संगीत असतं, आरोळ्या असतात, म्हणजे कार्यक्रम निम्मा तरी आपोआप ऐकू येतो. मल्लखांब जवळजवळ मुका आहे. त्यामुळे इथं सगळी तयारी दोन गोष्टींसाठी करायची: ते तीन-चार खरे आवाज नीट पकडण्यासाठी, आणि बाकीचं चित्र शब्दांनी उभं करण्यासाठी.

आधी नियम आणि परवानगी

सामुदायिक रेडिओला, म्हणजे एखादी संस्था आपल्या परिसरासाठी चालवते त्या छोट्या केंद्राला, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण स्थानिक पातळीवरच्या क्रीडास्पर्धेचं थेट समालोचन चालतं. तालुका, जिल्हा, शालेय किंवा व्यायामशाळांच्या स्पर्धा यात सहज बसतात. आयोजक संघटनेकडून लेखी परवानगी घ्या. त्यात चार गोष्टी असू द्या: थेट प्रक्षेपण, नंतरचं पुनःप्रसारण, ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेतून जोडणी, आणि खेळाडूंची नावं उच्चारण्याची मुभा. बहुतेक खेळाडू अल्पवयीन असतात. नाव, वयोगट आणि संघ याच्यापुढे जाऊ नका. कोणत्या गल्लीत राहतो, कुठल्या बसने येतो हे कौतुकाने सांगितलं जातं, पण ते हवेत जाता कामा नये.

दोन दिवस आधी सभागृहात

पन्नास वॉटचा ट्रान्समीटर केंद्रावरच असतो, सभागृहातून आवाज तिथपर्यंत न्यायचा तो मोबाइल नेटवर्कवरूनच. बोलण्यासाठी ओपस कोडेकवर (आवाज आकसून इंटरनेटवरून पाठवण्याची पद्धत) मोनो ४८ केबीपीएस भरपूर झाले. तासाला २५ ते ३० एमबी डेटा जातो, म्हणजे डेटा संपण्याची भीती नाही. भीती असते गर्दीची. सकाळी रिकाम्या सभागृहात झकास चालणारी जोडणी, अंतिम फेरीला पाचशे पालक मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला लागले की धापा टाकते. म्हणून चाचणी घ्यायची ती संध्याकाळी, माणसं असताना. जवळपास क्लास सुटतात ती वेळ बरी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा आणि राउटर खिडकीजवळ, शक्यतो पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत लावा. केंद्रावरच्या बाजूला ५०० ते ८०० मिलिसेकंदांचा बफर द्या, म्हणजे आवाज तेवढा साठवून मग पुढे जाईल. दोनशेवर ठेवलात तर शब्द तुटतात, दोन सेकंदांवर नेलात तर निवेदक आणि समालोचक एकमेकांच्या बोलण्यावर पडतात.

पत्र्याची शेड असेल तर छपराकडे पाहूनच बेत करा. पावसाची सर आली की ७०-८० टक्के आवाज पावसाचाच होतो, आणि ते कुठल्याही बटणाने दुरुस्त होत नाही. अशा ठिकाणी समालोचकांना तोंडाजवळचा हेडसेट माइकच हवा, टेबलावरचा माइक चालत नाही. मोठे पंखे कुठे आहेत तेही टिपून ठेवा. दोरीचा मल्लखांब टांगलेला असतो, त्याच्या आजूबाजूला पंखा असेल तर तिथल्या माइकवर फोमची टोपी घातल्याशिवाय भागत नाही.

माइक, मिक्सर, जोडण्या

चार चॅनेल पुरतात. पहिले दोन समालोचकांचे डायनॅमिक हेडसेट माइक. तिसरा वातावरणाचा माइक: लहान कंडेन्सर, ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू, खांबापासून तीनेक मीटरवर, गादीच्या कडेबाहेर, खेळाडू जिथे उतरतो त्या जागेकडे रोखलेला. याचा स्टँड फरशीवर नुसता ठेवला तर प्रत्येक पावलाचा ढम्म ढम्म थेट येतो. खाली जुना जाड टॉवेल घडी करून घाला आणि मिक्सरवरचं ८० हर्ट्झचं लो-कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) चालू करा. लो-कट दोनशेपर्यंत नेऊ नका, धप्प आवाजाचा जीवच तिथे आहे.

चौथ्या चॅनेलवर आयोजकांच्या ध्वनिक्षेपकाची जोडणी. गुण तिथूनच जाहीर होतात, तेव्हा ते थेट ऐकवता आले तर उत्तम. ही जोडणी मंडपवाल्याच्या मिक्सरच्या रेकॉर्ड आउट किंवा ऑक्सिलरी आउटमधून घ्यायची. अँप्लिफायरच्या स्पीकरच्या टोकातून कधीच नाही, तिथला व्होल्टेज तुमच्या मिक्सरचं इनपुट जाळू शकतो. मधे १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही यंत्रणा विजेने वेगळ्या ठेवणारा) घाला, नाहीतर दोन वेगळ्या वीजबिंदूंमुळे ५० हर्ट्झची गुणगुण येते. ती गुणगुण सभागृहात जाणवत नाही, पण घरी स्वयंपाकघरात रेडिओ लावलेल्या बाईला पहिल्यांदा तीच ऐकू येते.

पातळी अशी: समालोचकांचा आवाज सरासरी -१८ डीबीएफएस (डिजिटल मीटरवरचं माप, शून्य म्हणजे कमाल), टोकं -१० च्या आत. वातावरणाचा माइक त्याच्यापेक्षा १२ डीबी खाली. संच चालू असताना तो ६ डीबी वर आणायचा आणि समालोचक बोलू लागले की परत खाली. हे काम एका माणसाचं आहे, त्याला दुसरं काही सांगू नका.

केंद्राकडून परत येणारा आवाज मिक्स-मायनस असलाच पाहिजे, म्हणजे त्यात सभागृहातून गेलेला आवाज नसावा. हे विसरलं की समालोचकाला स्वतःचं वाक्य एक सेकंदाने कानात ऐकू येतं आणि चांगला बोलणारा माणूस तिसऱ्या शब्दाला अडखळतो. नवख्यांना वाटतं माणूस घाबरलाय. नव्वद टक्के वेळा दोष वायरीत असतो.

वीज जाणारच, हे धरून चाला. यूएसबीवर चालणारा लहान मिक्सर, वीस हजार एमएएचची पॉवर बँक आणि राउटरला वेगळी बॅटरी. शेवटचा आधार म्हणून साध्या फोनवरून केंद्रावर कॉल लावून तो म्यूट करून ठेवा. इंटरनेट मेलं तर केंद्रावरच्या ऑपरेटरने फक्त एक फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर करायचा.

आता एरंडेल. पुरलेल्या खांबाला आणि खेळाडूंच्या अंगाला ते चोळलेलं असतं, त्यामुळे खांबाच्या आसपासची फरशीही तेलकट होते. तिथे कापडी टेप चिकटत नाही, अर्ध्या तासात सुटतो, आणि सुटलेल्या केबलवरून अनवाणी धावणारं पोर पडतं. केबल खेळाडूंच्या वाटेवरून न नेता भिंतीच्या कडेने न्या, मग पंधरा मीटरऐवजी तीस मीटर लागली तरी चालेल. जिथे ओलांडणं टळत नाही तिथे फरशी आधी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा, मग टेप लावा.

समालोचक कसे निवडायचे

दोघं हवेत. एक वर्णन करणारा आणि एक जाणकार, म्हणजे जुना खेळाडू किंवा प्रशिक्षक. जाणकार एकटाच बसवला तर पकडींच्या नावांची यादी ऐकू येते: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा. ज्याला ठाऊक आहे त्याला ती पुरते, बाकी गावाला ती पाककृतीतल्या मसाल्यांसारखी वाटते. नुसता वर्णन करणारा बसवला तर तो दर दहा सेकंदांनी 'वा, काय लवचिकता!' म्हणतो.

नियम सोपा ठेवा. सलामीपासून उडीपर्यंत फक्त वर्णन करणारा बोलेल. जाणकार तोंड उघडेल ते गादीवरचा धप्प आणि टाळ्या ऐकू आल्यानंतर. दोघांत हाताच्या खुणा ठरवा: तळहात दाखवला की थांब, बोट फिरवलं की तू घे.

वर्णनाचा कणा एकच: डोकं कुठं आहे आणि पाय कुठं. ऐकणाऱ्याला हे कळलं की उरलेलं शरीर तो स्वतः जोडतो. त्यासाठी पहिल्या खेळाडूच्या आधीच खांबाचा नकाशा एकदा सांगून टाका. पुरलेला खांब जमिनीवर सव्वादोन ते अडीच मीटर, म्हणजे उंच माणसाने हात वर केला की टोकाला लागेल एवढा. खालचा जाड भाग म्हणजे अंग, वरची निमुळती मान, आणि त्यावर मुठीएवढं बोंड. टांगता मल्लखांब साखळीला लटकतो आणि फिरतो. दोरीच्या मल्लखांबात खांबच नाही, वरून सोडलेल्या सुती दोरीला खेळाडू अंगाभोवती गाठ न मारता वेढे देऊन धरतो. हे तीस सेकंदांचं वर्णन दर तासाला पुन्हा सांगा, कारण रेडिओ मधेच लावणारे जास्त असतात.

पकडीचं नाव घ्यायचंच, पण त्याला एक चित्र जोडून. 'अढी' एवढंच नको. असं काहीतरी हवं:

"सलामी झाली… चढला. अढी. डोकं खाली, पाय वर, खांब दोन्ही मांड्यांत आवळलाय. हात सोडले. आता जो काही आधार आहे तो मांड्यांचा. (शांतता) वेल घेतोय, खांबाभोवती वळत वळत मानेपर्यंत. आता बोंडावर, पोट खाली, हातपाय चारी बाजूंना… आणि उतरतोय. उडी!"

यात बारा-पंधरा सेकंदांची शांतता आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. नव्वद सेकंदांच्या संचात चाळीस-पन्नास सेकंदच बोला. तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता आली की केंद्रावरचा ऑपरेटर घाबरून गाणं लावतो, त्याला आधीच सांगून ठेवा. वातावरणाचा माइक चालू असेल तर ती शांतता रिकामी नसते, सभागृह श्वास रोखून बसलेलं ऐकू येतं.

मनोरा असेल, म्हणजे एका खांबावर सहा-सात पोरं, तर वर्णन तळापासून वर करा, उलटं नाही. आधी किती जणांचं वजन कोणावर आहे ते सांगा, मग टोकाचा खेळाडू. सगळ्यात लहान पोर शेवटी चढतं तेव्हा टाळ्या आपोआप येतात, तिथे गप्प बसा.

गुण वाचताना

गुण दहापैकी आणि दोन दशांशांपर्यंत येतात. इथे हमखास घोळ होतो. ८.०५ आणि ८.५ सभागृहातल्या गोंगाटात सारखेच ऐकू येतात. एकच पद्धत ठरवा आणि दिवसभर तीच ठेवा: 'आठ पॉइंट शून्य पाच', 'आठ पॉइंट पाच शून्य'. 'साडेआठ' म्हणू नका. अंदाजाने गुण कधीही सांगू नका. पंचांच्या टेबलाजवळ एक स्वयंसेवक बसवा, त्याने जाडसर पेनाने चिठ्ठीवर छातीचा क्रमांक आणि गुण लिहून आणायचे. लिहिलेलं दिसल्यावरच हवेत सांगायचं. चुकीचा गुण गेला तर पुढच्या खेळाडूच्या आधी तो स्पष्ट दुरुस्त करा. पालक नोंद ठेवत असतात, आणि पंचांनी गुण बदलले असा संशय रेडिओवरच्या एका चुकीतून पसरतो.

पुढचा खेळाडू तयार होईपर्यंत साधारण मिनिटभर मिळतो. जाणकाराचं पंधरा-वीस सेकंदांचं मत तिथेच बसवा: पकड सुटली होती का, पाय जोडलेले होते का, उतरताना पाऊल हललं का. जाहिराती वयोगट बदलताना टाका, संचांच्या मधे नको. तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, पण स्पर्धेच्या दिवशी चार-पाच मिनिटांच्या वर जाऊन उपयोग नाही.

पडझड

खेळाडू घसरतात. वातावरणाचा माइक तत्क्षणी खाली घ्या, कारण रडणं किंवा ओरडणं थेट जाऊ नये. त्याची आई घरी रेडिओजवळ असू शकते. समालोचकाने दोनच वाक्यं म्हणायची: खेळाडू खाली आला आहे, प्रशिक्षक आणि प्रथमोपचाराचे लोक जवळ पोहोचले आहेत. हात मोडला असावा, डोक्याला लागलंय वाटतं, असं एक अक्षरही नाही. मग आवाज केंद्राकडे. ऑपरेटरकडे आठ मिनिटांचा भरणा तयार हवा: मल्लखांबाच्या इतिहासाची आधीच ध्वनिमुद्रित केलेली चार-चार मिनिटांची दोन टिपणं. मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा दरबार, १९८१ साली झालेली मल्लखांब महासंघाची स्थापना, २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर भरलेली पहिली विश्वचषक स्पर्धा, एवढ्यात दोन्ही टिपणं आरामात होतात.

बक्षीस समारंभ

हाच सगळ्यात धोक्याचा भाग आहे. मंचावर पुढारी असतात, आणि मल्लखांबावरून सुरू झालेलं भाषण तिसऱ्या मिनिटाला रस्ते, निधी आणि विरोधकांवर येतं. सामुदायिक रेडिओवर राजकीय आशय चालत नाही. त्यामुळे भाषणांच्या वेळी थेट प्रक्षेपण थांबवून केंद्रावर जा, विजेत्यांची नावं जाहीर होऊ लागली की परत या. ध्वनिक्षेपकाची जोडणी हातात असल्यामुळे हे एका फेडरचं काम आहे. आयोजकांना आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे मंचावरून 'रेडिओवाले ऐकताय ना' असं कोणी म्हणणार नाही.

संपूर्ण प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग सभागृहात आणि केंद्रावर, दोन्हीकडे ठेवा. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं तसंही बंधनकारक आहे. केबल गुंडाळण्याआधी ओल्या साबणाच्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने प्रत्येक मीटर पुसून घ्या. तेल राहिलं की पिशवीतल्या सगळ्या केबलांना लागतं आणि पुढच्या कार्यक्रमाला एकही टेप बसत नाही.