मिश्रण बिघडतं ते ब्लेंडर थांबल्यावर

पावडर प्लांटमध्ये नव्याने आलेल्या इंजिनीअरचं सगळं लक्ष ब्लेंडरवर असतं. बॅचचे सॅम्पल एकमेकांशी जुळेनात की त्याची पहिली सूचना ठरलेली: 'अजून थोडा वेळ फिरवू या.' बहुतेक वेळा त्याने काही साधत नाही. गोळ्यांच्या मिश्रणात मॅग्नेशियम स्टिअरेट (माल यंत्राला चिकटू नये म्हणून घालायची पावडर) असेल तर उलट नुकसानच. ते दाण्यांवर पसरत जातं, गोळ्या ठिसूळ होतात आणि उशिरा विरघळतात. माझ्या अनुभवात दोष बरेचदा ब्लेंडरच्या पुढे सापडतो: ड्रम भरताना, शूटमधून (उतरत्या नळीतून) सोडताना, हॉपर (तळाशी निमुळता होणारा साठवणीचा डबा) रिकामा होताना.

म्हणून या कामात येणाऱ्यांना मी आधी एकच काम सांगतो. तयार मिश्रण सपाट ट्रेवर एकाच जागी, वरून हळूहळू ओता. ढीग झाला की मधोमध आणि कडेला, दोन्हीकडून सॅम्पल घेऊन चाळणी लावा. मोकळी वाहणारी पावडर असेल आणि दाण्यांच्या आकारात फरक असेल, तर बारीक माल मध्यभागी आणि जाड माल कडेला सापडेल. जाड दाणे उतारावरून गडगडत जातात, बारीक दाणे वाटेतल्या फटींतून खाली झिरपतात. हॉपर भरतानाही नेमकं हेच होतं. घनतेच्या फरकाला लोक उगाच घाबरतात. खरा त्रास देतो तो आकारातला फरक, आणि त्यासाठी दीडपटही पुरते.

आता तोच हॉपर रिकामा करा. भिंतींचा उतार कमी किंवा पृष्ठभाग खरबरीत असेल तर फक्त मधला खांब वाहतो, कडेचा माल तसाच चिकटून बसतो आणि सगळ्यात शेवटी येतो. सुरुवातीच्या गोळ्यांत औषध जास्त आणि शेवटच्यांत कमी, किंवा उलट, असा आलेख दिसला की मी ब्लेंडर सोडून आधी हॉपरकडे बघतो. तीव्र उतार आणि गुळगुळीत भिंती असतील तर सगळा माल एकदम सरकतो, मधला आणि कडेचा तोंडाशी पुन्हा एकत्र येतो. उतार किती हवा हे अंदाजाने ठरवायचं नसतं. पावडर कशी वाहते याचा अभ्यास करणारे इंजिनीअर अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते: पावडरचं भिंतीशी घर्षण शिअर सेलमध्ये (पावडर दाबाखाली सरकवून बघायच्या उपकरणात) मोजायचं आणि त्यावरून कोन काढायचा.

एक गोष्ट मात्र नवख्यांना हमखास चकवते. पावडर खूप बारीक असेल आणि उंचावरून भसकन सोडली, तर आत हवा अडकते. ती वर निसटताना बारीक कण सोबत नेते आणि वरचा थर फाईन्सचा होतो. इथे आडवा नाही, उभा फरक पडलेला असतो, त्यामुळे एकदम सरकणारा हॉपरही कामाचा नाही. तो थर जसे आहेत तसेच खाली आणून देतो. यावर उपाय म्हणजे पडण्याची उंची कमी करणं, भरण्याचा वेग उतरवणं आणि हवेला बाहेर जायला वाट देणं. कुठला प्रकार चालू आहे हे न ओळखता उपकरण बदलायला निघालेले लोक मी बरेच पाहिलेत.

मशिनरीला हात लावायच्या आधी पावडरचा विचार करा. घटकांचे आकार जवळ आणता येतात का? ग्रॅन्युलेशन करून बारीक-जाड एकाच दाण्यात बांधता येतात का? खूप बारीक औषध जाड वाहक कणांना चिकटून राहील असं मिश्रण जमलं तर फारच उत्तम. चिकटपणा वाढवला की वेगळं होणं कमी होतं, पण तोच माल मग हॉपरच्या तोंडाशी कमान धरून अडतो. हा सौदा प्रत्येक पावडरला वेगळा करावा लागतो.

आणि सॅम्पलिंग. थीफ (सॅम्पल काढायची लांब नळी) ढिगात खुपसताना आजूबाजूचा माल ओढत जातो, त्यामुळे त्याचा आकडा जपून वाचा. शक्य तिथे माल वाहत असताना, पूर्ण धार आडवी कापून, थोड्या थोड्या वेळाने सॅम्पल घ्या. हॉपरमधला अगदी शेवटचा माल वेगळा तपासा. गडबड असेल तर बहुधा तिथेच आधी दिसते.