डच तांत्रिक विद्यापीठात एमएससी करायची तर: आदल्या सप्टेंबरपासूनची कामं

नेदरलँड्समध्ये अभियांत्रिकीसाठी मुख्यतः डेल्फ्ट, आइंडहोव्हन आणि ट्वेंटे ही विद्यापीठं बघावीत. ट्वेंटे एन्स्खेडे शहरात आहे. एमएससी दोन वर्षांची, १२० क्रेडिटची, इंग्रजीतून. वर्ग सप्टेंबरात भरतात. तयारीला आदल्या सप्टेंबरातच लागा, कारण डेल्फ्टची अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते.

सुरुवात सिलॅबसपासून करा. पदवीच्या नावापेक्षा कोणता विषय किती शिकलात हे तिथे तपासतात, म्हणून कॉलेजकडून सगळ्या विषयांचा सिलॅबस घेऊन ठेवा, गणिताचा सर्वात आधी. गुणांची सरासरी आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची अट त्या-त्या अभ्यासक्रमाच्या पानावरच वाचा. एजंटच्या तक्त्यावर विसंबू नका. मग स्टडीलिंक या डच प्रवेश-संकेतस्थळावर नोंदणी आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर कागदपत्रं.

फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. डेल्फ्टची युस्टुस अँड लुईझ व्हॅन एफेन शिष्यवृत्ती फी आणि राहण्याच्या खर्चाला मोठा हातभार लावते, पण ती मोजक्यांनाच मिळते. कर्जाचं बोलणं निकालाची वाट न बघता सुरू करा.

प्रवेश मिळाला की व्हिसा आणि निवास परवान्याचा अर्ज विद्यापीठच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करतं. तुम्ही शुल्क भरायचं आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे दाखवायचे.

खरं घोडं अडतं ते जन्मदाखल्यावर. तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरला जाणारा प्रमाणीकरणाचा शिक्का) केलेला दाखला मागतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यात बऱ्याचदा बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, दाखल्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आजच दाखला काढून पासपोर्टशेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, नंतर राज्य शासनाचं प्रमाणीकरण, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. हा क्रम उलटला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

खोलीचा शोध प्रवेशपत्र आल्या दिवशी सुरू करा. विद्यापीठामार्फत खोली मिळत असेल तर शुल्क भरून ती घ्याच. खाजगी खोली घेताना ‘या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी होईल का?’ हा पहिला प्रश्न. नाही म्हणाले तर सोडून द्या: नोंदणी नाही तर बीएसएन (तिथला नागरिक क्रमांक) नाही, आणि त्यावाचून पगार, आरोग्य विमा, सगळंच अडतं. खोली न दाखवता किंवा व्हिडिओ कॉल न करता आगाऊ पैसे मागणारा फसवणारा समजा.

अभ्यासाचं गणित आधीच मांडा. एक क्रेडिट म्हणजे २८ तास. दहा आठवड्यांच्या सत्रात १५ क्रेडिट, म्हणजे ४२० तास, आठवड्याला ४२. शेवटच्या पंधरवड्यात पाठांतर करून हे भरून निघत नाही. गुण दहापैकी, पास व्हायला ६. ८ म्हणजे उत्तम, तेव्हा ७ पाहून खचू नका. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, ती विसरलात तर परीक्षा हुकते. वर्षाच्या ६० पैकी निम्मी क्रेडिटही झाली नाहीत आणि तसं सबळ कारणही नसेल, तर विद्यापीठाला इमिग्रेशनला कळवावं लागतं आणि परवाना जाऊ शकतो.

शिकताना नोकरी आठवड्याला जास्तीत जास्त १६ तास, किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. वर्क परमिट मालकाने काढायचं. नोकरी लागताच डच आरोग्य विमा सक्तीचा होतो. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत ‘झूकयार’ हा नोकरी शोधण्यासाठीचा एक वर्षाचा परवाना मागता येतो. त्यावर वर्क परमिटशिवाय कुठेही काम करता येतं.