बिनगोळीबाराची हेरमालिका पाहायची कशी

बीबीसीची १९७९ सालची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ लावली की सुरुवातीला एका रिकाम्या खोलीत एकेक करून चार माणसं येऊन बसतात. शेवटचा चहाच्या कपावर बशी झाकून, तोल सांभाळत येतो. मग एकच वाक्य, चला सुरू करू, आणि प्रसंग संपतो. नवखा प्रेक्षक इथेच कंटाळतो. खरं तर गोष्ट आहे ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या घरभेद्याच्या शोधाची, आणि प्रेक्षकासमोर चारही संशयितांची ओळखपरेड होऊन गेलेली असते. हा प्रसंग दोनदा पाहा: कोण आधी आलं, कोण कोणाची दखल घेत नाही.

कांदा चिरता चिरता पाहायची ही मालिका नव्हे. आधी थोडी तयारी करा.

पहिलं म्हणजे आवृत्ती तपासा. मूळ मालिका सात भागांची, प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा. अमेरिकेसाठी तिचे सहा भाग केले गेले. त्यात प्रसंग छाटले आणि काहींचा क्रमही बदलला. यादीत सहाच भाग दिसले तर ती घेऊ नका, कारण इथे कोणती माहिती कधी कळते यावरच सगळा डोलारा उभा आहे.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र ताणलं की चेहरे पसरट होतात, आणि या मालिकेत पाहायचे ते चेहरेच. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर फिल्मवर चित्रित केलेली ही मालिका संध्याकाळच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखी दिसते. इंग्रजी सबटायटल्स लावा. घरभेद्याचा शोध घेणारा, अ‍ॅलेक गिनेसने रंगवलेला स्मायली पुटपुटतो, आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं हळू बोलतो.

रोज एक भाग, फार तर दोन. सातही एका रात्रीत उरकले तर नावांची खिचडी होते. आठवड्याला एकच पाहिला तर मागचं विसरतं.

आता वही. पहिल्या पानावर पाच टोपणनावं लिहा: टिंकर म्हणजे अ‍ॅलेलाइन, टेलर म्हणजे हेडन, सोल्जर म्हणजे ब्लँड, पुअरमन म्हणजे एस्टरहेझ आणि बेगरमन म्हणजे खुद्द स्मायली. खाली बोलीतले शब्द: ‘सर्कस’ म्हणजे गुप्तहेर खात्याचं मुख्यालय, ‘लॅम्पलायटर’ म्हणजे पाळत आणि निरोप सांभाळणारे, ‘स्काल्पहंटर’ म्हणजे दांडगाईची कामं करणारे. ‘मोल’ म्हणजे आपला घरभेदी. फरक इतकाच, की हा मागाहून फितलेला नसतो. वर्षानुवर्षं आधी पेरलेला असतो आणि रीतसर बढत्या घेत वर आलेला असतो.

पुढच्या पानावर तीन रकाने पाडा: कोणाला ठाऊक आहे, कोणाकडून कळलं, कागद आता कुठे आहे. प्रत्येक भागानंतर दोन-तीन ओळी भरा. घरभेदी कोण, याचा अंदाज मात्र लिहू नका. सगळे इथेच चुकतात. एकदा नाव लिहिलं की त्या माणसाविरुद्धच्याच गोष्टी ऐकू येतात आणि बाकीचं निसटतं. त्याऐवजी ‘मर्लिन’ या गुप्त स्रोताकडून येणाऱ्या माहितीचा माग ठेवा. ती इतकी चांगली का आहे, आणि तिच्यामुळे कोणाची खुर्ची पक्की होते?

भूतकाळात जाताना पडद्यावर तशी सूचना येत नाही. पहिल्या भागानंतर एक सोपी खूण वापरा: जुना साहेब ‘कंट्रोल’ जिवंत दिसला, की प्रसंग मागचा आहे.

सातवा भाग संपला की लगेच ती बैठक पुन्हा लावा. तोच कप, तीच बशी, पण माणसं वेगळी वाटतात.

यानंतर यॉर्कशायर टेलिव्हिजनची ‘द सँडबॅगर्स’ घ्या, १९७८ ते १९८०, एकूण २० भाग. इथे गुन्हेगार शोधायचा नाही, परवानगी शोधायची. नील बर्नसाइड हा ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या कारवायांचा प्रमुख. बहुतेक लढाया तो टेबलावर आणि फोनवर लढतो, त्याही आपल्याच वरिष्ठांशी. ज्याच्या होकारावर बरंच अडतं तो बडा अधिकारी त्याचा माजी सासरा. सरकारी कचेरीत फाइल कशी अडते हे ज्याने पाहिलंय, त्याला इथला ताण समजावून सांगावा लागत नाही. शीर्षकाचं संगीत सोडलं तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे आता घाबरा असं कोणी सुचवत नाही. भाग क्रमानेच पाहा, कारण इथे मेलेला माणूस परत येत नाही. शेवट अर्धवट आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं: लेखक इयन मॅकिंटॉश १९७९ मध्ये अलास्काजवळ विमानासह बेपत्ता झाले.

आजच्या वेगाची सवय मोडवत नसेल तर आधी फ्रेंच ‘ल ब्युरो दे लेजांद’ पाहिलीत तरी चालेल. २०१५ ते २०२०, पाच पर्व, ५० भाग. ‘लेजांद’ म्हणजे हेराची बनावट ओळख. दमास्कसमध्ये सहा वर्षं राहून पॅरिसला परतलेला नायक ती ओळख वेळेवर टाकून देत नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. हेरांची सांकेतिक नावं टिनटिनच्या कथांतल्या कॅप्टन हॅडॉकच्या शिव्यांवरून घेतली आहेत. डब केलेला आवाज लावू नका. कोण कोणाशी फ्रेंचमध्ये बोलतंय आणि कोणाशी अरबीत, हे डबिंगमध्ये बुडतं, आणि खोटं कुठे बोललं जातंय ते बरेचदा तिथेच कळतं.