पहिलं सिंगल काढताय? तारीख सगळ्यात शेवटी सांगा

गाणं मास्टर होऊन (आवाजाचं शेवटचं फिनिशिंग होऊन) हातात आलं की पहिली खाज सुटते ती "कमिंग सून" टाकायची. थांबा जरा. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, अप्रूव्हल येऊ दे, गाणं शेड्यूल झालेलं दिसू दे, मग गाजावाजा करा, नाहीतर पोस्टर फिरतंय आणि गाण्याचा पत्ता नाही असं होतं.

लेबल नसेल तर स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिकवर आपण डायरेक्ट गाणं टाकू शकत नाही, मधे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असा कोणीतरी डिस्ट्रिब्युटर लागतो. कोणी वर्षाची फी घेतं, कोणी एकदाच पैसे घेऊन पुढे कमाईतला वाटा कापतं. पैसे भरण्याआधी एवढंच बघा की फी भरायची बंद केली तर गाणं राहतं का उडतं.

फाइल डब्ल्यूएव्ही द्या, एमपीथ्री नको. कव्हर चौकोनी, 3000 बाय 3000 पिक्सेल, आणि त्यावर इन्स्टाचं हँडल, वेबसाइट असलं काही लिहू नका, हमखास परत येतं. नावाचं स्पेलिंग दर वेळी अगदी तेच ठेवा, नाहीतर तुमचं गाणं त्याच नावाच्या भलत्याच कोणाच्या तरी पेजवर जाऊन बसतं आणि ते तिथनं हलवायला मेलामेली करत बसावं लागतं. बीटमधे सगळ्यांना मिळणारा रेडिमेड लूप (सुराचा नाहीतर तालाचा तयार तुकडा) असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपलं गाणं शोधणारी सिस्टिम) टिक करू नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांच्या व्हिडिओवर तुमच्या नावानं क्लेम जातात आणि उगाच शिव्या खाव्या लागतात.

आता तारीख. जगभर शुक्रवारी रिलीज करायची पद्धत 10 जुलै 2015 पासूनची, त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमधे सोमवार असं चालायचं आणि एका देशात अल्बम आला की बाकीकडे पायरेटेड कॉपी फिरायच्या. पण चार्टशी (टॉप गाण्यांच्या यादीशी) घेणंदेणं नसेल तर शुक्रवारच पाहिजे असं काही नाही, त्या दिवशी सगळ्या मोठ्या लोकांची गर्दी असते. दिवस कुठलाही घ्या, हातात तीन-चार आठवडे ठेवा, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटरला गाणं रिलीजच्या आधीच पिच करता येतं (प्लेलिस्टमधे घ्या म्हणून पाठवता येतं), नंतर नाही. निदान सात दिवस आधी पिच केलं तर प्लेलिस्ट मिळो न मिळो, फॉलोअर्सच्या रिलीज रडारमधे (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) ते गाणं जातं. पिचमधे "दिल से बनवलंय" नको, कुठली वाद्यं, काय मूड, कोण ऐकेल ते लिहा. बियॉन्सेनं 13 डिसेंबर 2013 ला कोणाला न सांगता अख्खा अल्बम व्हिडिओंसकट टाकला हे खरंय, पण तिची वाट बघणारं जग आधीच तयार होतं, आपली वाट घरचे पण बघत नसतात.

व्हिडिओ असेल तर यूट्यूबवर प्रीमियर लावा, ठरल्या वेळी सगळे एकत्र बघतात, लोक चॅटवर येतात. सुरुवातीला नावांच्या पाट्या आणि ड्रोनशॉट नकोत, रिटेन्शनचा ग्राफ (लोक कुठपर्यंत बघतात ते दाखवणारा) उघडलात की कळेल लोक नेमके तिथंच पळतात.

रिलीजनंतर व्ह्यूजकडे बघून नाचू पण नका, रडू पण नका. पैसे देऊन जाहिरातीतनं आणलेले व्ह्यूज यूट्यूब स्वतःच 2019 पासून पहिल्या 24 तासांच्या रेकॉर्डमधे धरत नाही, मग आपण का धरायचे? बघायचं ते सेव्ह किती झाले आणि तोच माणूस परत ऐकतोय का. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं तरच स्ट्रीम मोजला जातो, आणि 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत निदान 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टी सुरूच होत नाही. म्हणून कोणीतरी "दहा हजार स्ट्रीम देतो" म्हणत येतो, त्याला ब्लॉक करा, खोटे स्ट्रीम पकडले गेले तर डिस्ट्रिब्युटर गाणंच काढून टाकतो.

आणि आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, कुठंतरी लिहून ठेवा, अक्षरं-आकडे मिळून बारा असतात. पुढे अल्बम काढाल तेव्हा हेच रेकॉर्डिंग त्याच कोडनं टाकायचं, म्हणजे सिंगलचे जुने स्ट्रीम तिकडेही दिसतात. व्हिडिओला मात्र वेगळा कोड लागतो.