फ्लॅटधारकांच्या समाधानावर प्रोजेक्ट करताय? फॉर्म फिरवायच्या आधी हे वाचा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला किंवा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या एमटेकला दरवर्षी दोन-चार जण तरी "बांधकाम प्रकल्पातील क्लायंट सॅटिस्फॅक्शन" हा विषय घेतातच. लॅब नको, काँक्रीटचे क्यूब टाकून २८ दिवस थांबायला नको, एक गूगल फॉर्म बनवला की काम झालं असं वाटतं. मग फेब्रुवारी-मार्च उजाडला की तोच फॉर्म हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरतो, "भरा ना यार, दोन मिनिटं लागतात", आणि ज्या पोरांनी आयुष्यात कधी फ्लॅट बुक केलेला नाही ती बिल्डरच्या आफ्टर सेल्स सर्व्हिसला ५ पैकी ४ देऊन मोकळी होतात. असल्या डेटावर कितीही भारी टेस्ट लावा, हाती काही लागत नाही. विषय चांगला आहे, पण नीट करायचा तर सोसायटीच्या गेटवर उभं राहावं लागतं.

सगळ्यात आधी कुणाचं समाधान मोजायचं ते ठरवा. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत असेल तर पैसे देणारे वेगळे आणि वर्गात बसणारे वेगळे, मॉलमध्ये मालक वेगळा आणि दुकानदार वेगळा, बंगल्याचं काम असेल तर पैसे देणारा, राहणारा आणि रोज साइटवर येऊन गवंड्याचं डोकं खाणारा माणूस एकच. या सगळ्यांना एका फॉर्ममध्ये कोंबलं तर सरासरी निघते, पण ती कुणाचीच नसते. पुणे-पिंपरीत असाल तर माझं मत विचाराल तर सरळ फ्लॅटधारक घ्या, त्यातही बिल्डरकडून पहिल्यांदा घेतलेले, स्वतः राहणारे आणि पझेशन मिळून एक ते पाच वर्षं झालेले. भाडेकरू आणि रिसेलवाले बाजूला ठेवा, त्यांना बिल्डरने काय कबूल केलं होतं हेच माहीत नसतं. एक वर्ष का, तर निदान एक पावसाळा त्या घरात गेलेला असावा. पाच का, तर रेराच्या (घर घेणाऱ्यांसाठीचा स्थावर संपदा कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो, म्हणजे या काळात बिल्डर आणि ग्राहक यांचं नातं अजून जिवंत असतं. आठ-दहा वर्षं जुन्या सोसायटीत लोक तुम्हाला बिल्डरपेक्षा मेंटेनन्स आणि पार्किंगच्या भांडणाबद्दलच जास्त सांगतील.

प्रोजेक्ट ठरले की लोकांकडे जायच्या आधी एक दिवस महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, साइटवर बसा. प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचं पान सगळ्यांना खुलं असतं, त्यात काम पूर्ण करायची तारीख आणि मुदतवाढ घेतली असेल तर तीही दिसते. उशीर किती झाला हे लोकांना विचारू नका, तिथून काढा. तीन वर्षांपूर्वी मिळालेल्या ताब्याबद्दल विचारलं की कुणी सहा महिने उशीर म्हणतं, शेजारचाच दीड वर्ष म्हणतो, दोघंही खोटं बोलत नसतात, एक घरभाडं आणि ईएमआय दोन्ही भरत होता आणि दुसरा आईवडिलांकडे राहत होता एवढाच फरक. साइटवरचा उशीर आणि लोकांना जाणवलेला उशीर असे दोन वेगळे कॉलम ठेवलेत तर रिपोर्टमध्ये बोलण्यासारखं काहीतरी खरंच निघेल. फक्त एक लक्षात घ्या, महारेरावरची तारीख आणि ग्राहकाच्या अॅग्रीमेंटमधली तारीख एकच असेल असं नाही, आणि रेराच्या कलम १८ खाली उशिराचं व्याज मागताना अॅग्रीमेंटमधली तारीख धरतात, त्यामुळे कुणी अॅग्रीमेंट दाखवायला तयार असेल तर ती तारीखही टिपून घ्या.

आता थिअरी, कारण गाइड विचारणारच. दोन गोष्टी पुरे. ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेलं मॉडेल सांगतं की माणूस मिळालेल्या गोष्टीची तुलना आधीच्या अपेक्षेशी करतो आणि त्या फरकातून समाधान ठरतं. दुसरं म्हणजे पारसुरामन, झाइथामल आणि बेरी यांचं सर्व्हक्वाल, म्हणजे सेवेचा दर्जा मोजायची प्रश्नावली, १९८८ मध्ये आलेलं, पाच बाजू आणि २२ विधानं: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, भरवसा, तत्परता, खात्री आणि आपुलकी. मूळ विधानं बँक, टेलिफोन कंपनी असल्या सेवा डोळ्यांपुढे ठेवून बनलीत, त्यामुळे जशीच्या तशी भाषांतर करून टाकलीत तर सोसायटीतले काका चष्मा काढून तुमच्याकडे बघतील. बाजू त्याच ठेवा, विधानं बांधकामाची करा.

उदाहरणार्थ भरवसा या बाजूखाली "बिल्डर विश्वासार्ह आहे का" असं विचारून काही हाती येत नाही. त्याऐवजी "ब्रोशरमध्ये लिहिलेल्या कंपनीच्याच फिटिंग्ज बसवून मिळाल्या", "सांगितलेल्या तारखेला ताबा मिळाला", "ताब्याच्या वेळी लिहून दिलेल्या त्रुटी कबूल केलेल्या मुदतीत दुरुस्त झाल्या" अशी विधानं द्या आणि पुढे १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) असे पाच पर्याय ठेवा. तत्परतेखाली "लीकेजची तक्रार केल्यावर माणूस बघायला आला" आणि "लीकेज थांबलं" ही दोन वेगळी विधानं हवीत, कारण बऱ्याच ठिकाणी माणूस तीनदा येतो, बाथरूमच्या जॉइंटमध्ये थोडं ग्राउट भरून जातो आणि खालच्या फ्लॅटच्या छताची ओल तशीच राहते. "साइटवरचे लोक नम्र आणि कुशल होते" हे विधान तर अजिबात नको, नम्र होते पण काम येत नव्हतं अशा माणसाबद्दल लोकांनी कुठे टिक करायचं? आणि फॉर्म मराठीत पण करा. नुसता इंग्रजी फॉर्म नेलात की घरातला आयटीवाला मुलगाच तो भरतो, तोही ऑफिसात बसून, आणि दिवसभर त्या ओल्या भिंतीकडे बघणाऱ्या बाईंचं मत राहूनच जातं.

ऋतूकडे कुणी लक्ष देत नाही. एप्रिलमध्ये विचारलंत तर भिंती कोरड्या, रंग नुकताच दिलेला, लीकेजला लोक ३ देतील, आणि टँकर सुरू झालेले असल्यामुळे पाण्याला १. ऑगस्टमध्ये तोच फॉर्म नेलात तर बरोबर उलटं. दोनदा जाणं जमत नसेल तर निदान कुठल्या महिन्यात डेटा घेतला हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

पायलट म्हणून, म्हणजे आधीची छोटी चाचणी म्हणून, आठ-दहा घरांत फॉर्म स्वतः भरून घ्या, समोर बसून. जिथे माणूस अडखळतो, "म्हणजे काय?" विचारतो, ते विधान बदला. हे झाल्याशिवाय मोठ्या सर्व्हेला हात लावायचा नाही.

सॅम्पल साइजला सगळे ३८५ लिहितात, ते कोक्रनच्या सूत्रातून येतं, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून. पण तो आकडा खूप मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. तुम्ही निवडलेल्या दोन-तीन सोसायट्या मिळून पात्र घरंच २४० असतील तर छोट्या लोकसंख्येसाठीचं दुरुस्तीचं सूत्र लावल्यावर साधारण १४८ पुरतात. तेवढे पण मिळतील याची खात्री नाही, कुलूपबंद घरं असतात, "नंतर या" असतं. ६०च मिळाले तर ६० लिहा, आणि कोणत्या विंगमधून किती घरांनी नाही म्हटलं तेही लिहा. आकडा फुगवण्यासाठी मित्रांकडून फॉर्म भरून घेतले की टाइमस्टॅम्पमध्ये लगेच दिसतं, रात्री पावणेबाराला ओळीने वीस फ्लॅटधारक फॉर्म भरत नसतात.

सोसायटीत शिरायचं कसं? कॉलेजच्या लेटरहेडवर एचओडींच्या सहीचं पत्र, आणि आधी सेक्रेटरींना फोन. पत्रात साफ लिहा की नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल काही घेणार नाही, फक्त विंग आणि मजल्याचा गट घेणार, आणि प्रकल्पाचं नाव रिपोर्टमध्ये "प्रकल्प अ" असं येईल. हे नुसतं नियमासाठी नाही. लोकांना खरी भीती असते की बिल्डिंग गळते असं बाहेर गेलं तर रिसेलचा भाव पडेल, म्हणून ओळखीच्या माणसाला जे सांगतील ते फॉर्मवर लिहीत नाहीत. त्याच कारणाने चेअरमनना बरोबर घेऊन दारोदार फिरू नका, ओळख करून दिली की त्यांना चहाला पाठवा. आणि तुम्ही ज्या बिल्डरकडे इंटर्नशिप करताय त्याच्या सीआरएम (ग्राहक सांभाळणाऱ्या) टीमने दिलेली "खूश ग्राहकांची" यादी तर घ्यायचीच नाही, ती गोड गोड यादी असते.

डेटा आला की एक्सेल आणि जामोव्ही एवढ्यात सगळं होतं, जामोव्ही हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, क्रॅक केलेलं एसपीएसएस शोधत बसू नका. क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढताना सगळ्या विधानांचा एकच काढू नका, विधानं वाढली की अल्फा आपोआप वर जातो, प्रत्येक बाजूचा वेगळा काढा, साधारण ०.७ च्या वर आला तर चालतं. उलटी विधानं (जिथे "पटतं" म्हणजे नाराजी) असतील तर आधी त्यांचे गुण फिरवून घ्या.

पुढे सगळे आरआयआय (रिलेटिव्ह इम्पॉर्टन्स इंडेक्स) काढतात, म्हणजे सगळ्या गुणांची बेरीज भागिले (कमाल गुण गुणिले माणसं). काढा, पण तिथेच थांबू नका. समजा ६० जणांनी लीकेजच्या दुरुस्तीला असे गुण दिले: १८ जणांनी १, १७ जणांनी २, १० जणांनी ३, ९ जणांनी ४ आणि ६ जणांनी ५. बेरीज १४८, भागिले ३००, आरआयआय ०.४९३. आता पाण्याच्या प्रेशरला ३० जणांनी १, दोघांनी २, चौघांनी ३, १८ जणांनी ४ आणि ६ जणांनी ५ दिले. बेरीज पुन्हा १४८, आरआयआय पुन्हा ०.४९३. तक्त्यात दोन्हींचा नंबर एकच लागेल. पण पहिल्यात अर्ध्याहून जास्त जण कमी-जास्त नाराज आहेत आणि बाकीचे पुढच्या गुणांवर पसरलेत, आणि दुसऱ्यात सोसायटी उभी दुभंगलेली आहे. मजल्याचा कॉलम लावून बघितलात तर कदाचित दिसेल की वरच्या दोन-तीन मजल्यांवरचे १ देतायत, कारण गच्चीवरच्या टाकीपासून त्यांच्या नळापर्यंत उंचीचा फरकच कमी आणि प्रेशर पंप बसवलेला नाही, आणि खालचे मजेत ४-५ देतायत. पहिल्यावर उपाय म्हणजे तक्रार हाताळायची पद्धत सुधारणं, दुसऱ्यावर उपाय एक पंप. म्हणून आरआयआयच्या तक्त्याशेजारी प्रत्येक विधानाचा बार चार्ट ठेवाच, आणि मजला, विंग, उशीर याप्रमाणे तोडून दाखवा. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टचा जीव या एका प्रकरणात असतो, बाकी प्रकरणं लोक चाळतात.

गाइडबद्दल थोडं. "सर, पुढे काय करू?" असं विचारत गेलात तर सर पण "लिटरेचर वाढवा" म्हणून घालवतात, त्यांच्याकडे दहा ग्रुप असतात. त्यापेक्षा एक पान घेऊन जा, काय केलं, कुठे अडलं, माझ्या मते दोन पर्याय कोणते आणि मला कोणता बरा वाटतो, मग दहा मिनिटांत काम होतं. वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये शिकण्यातल्या मदतीला स्कॅफोल्डिंग म्हटलं, आपल्याच साइटवरची परांची: काम उभं राहीपर्यंत हवी, मग हळूहळू काढायची. सुरुवातीला प्रश्नावली एकेक ओळ तपासून घ्या, अॅनालिसिसपर्यंत स्वतः ठरवता यायला हवं. आकडेमोडीला मॅथ्सच्या मॅडमना गाठा, आणि आधीचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात बघा, वाचायला, उतरवायला नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० ते ६० च्या मध्ये गेलं तर एक वर्ष सबमिशन बंद, ६० च्या वर तर नोंदणीच रद्द.

याच साच्यावर काही जण कॉलेजमधल्या लर्निंग सपोर्टवर पण प्रोजेक्ट करतात, फ्लॅटधारकांच्या जागी विद्यार्थी, बिल्डरच्या जागी मेंटॉर, लायब्ररी, रेमेडियल लेक्चर. करा, पण समाधान आणि शिकणं वेगवेगळं मोजा. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात स्वतः सोडवायला लावणाऱ्या वर्गातली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. आयत्या नोट्स देणाऱ्या सरांना ५ मिळणार हे सांगायला सर्व्हे लागत नाही.

बांधकामाचंही तेच आहे, आणि व्हायवाला एक्स्टर्नल बहुतेक इथेच पकडतात. "समाधानाचा आरआयआय ०.८ आला म्हणजे बांधकामाचा दर्जा चांगला, असं म्हणायचं का?" तर नाही म्हणायचं. ग्राहकाला लॉबीचं झुंबर आणि टाइल्स दिसतात, स्लॅबमधल्या सळईवरचं काँक्रीटचं कव्हर किती, क्युरिंग सात दिवस झालं की दोनच, हे त्याला दिसत नाही, त्यामुळे त्याने दिलेल्या गुणांत ते नाही. निष्कर्षात "दर्जा" हा शब्द जिथे जिथे लिहिलाय तिथे "ग्राहकांना जाणवलेला दर्जा" करा, आणि हे सबमिशनच्या आधी करा, व्हायवात नाही.

सबमिशन झालं की दोन पानी मराठी सारांश सेक्रेटरींना व्हॉट्सअॅप करा. वरच्या मजल्यांचा बार चार्ट त्यात जरूर टाका, पंपाचा ठराव जनरल बॉडीत मांडायला त्यांना तो कामाला येईल, आणि पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनिअरला त्या गेटवर कुणी अडवणार नाही.