सुगीच्या राखणीची बंदूक: नळीत आधी पाणी, मग तेल

परतीचा पाऊस अजून पाठ सोडत नाही. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीपासून गुंजी-लोंढ्यापर्यंत भात निसवून चिकात आलंय, बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात रताळी भरत आलीत आणि डुकरांना दोन्हींचा वास लागलाय. म्हणून या महिन्यात तुडतुडे आणि बाकीची कामं शेवटी. आधी बंदूक: ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासून भरायची.

दरवर्षी एकच गोष्ट बघतो. रात्री शेतातल्या माळ्यावरून बार काढला, कळप पळाला, बंदूक खोपीच्या कोपऱ्यात उभी केली आणि सकाळी माणूस कामाला लागला. तिसऱ्या-चौथ्या रात्री कळप परत येतो. घोडा पडतो, टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टिकली, नुसती फुटते, आत आग पोचत नाही. दुसरी टोपी, तिसरी टोपी. तोवर रताळ्याचे सरी-वरंबे उलटेपालटे झालेले असतात. मग दोष दारूला, टोपीला, नाहीतर दुकानदाराला. नळी धुतली होती का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रॉकेल फिरवलं होतं की!"

रॉकेलनं ती नळी धुतली जात नाही. डिझेलनं नाही, पेट्रोलनंही नाही.

काळ्या दारूत शंभरात साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाचा धूर-राखेचा घन भाग उरतो आणि त्यातला बराचसा नळीला चिकटतो. तो निव्वळ काजळीचा थर नसतो, त्यात पोटॅशचे क्षार असतात. हे क्षार, त्यातही पोटॅशियम कार्बोनेट, हवेतला ओलावा ओढून घेतात. तोंड उघडं राहिलेलं युरियाचं पोतं पावसाळ्यात पाझरतं, तसाच हा थर रात्रीत ओला होतो आणि त्या ओलीखाली लोखंड गंजायला लागतं. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यावर रॉकेल किंवा तेल फिरवलं की वर डांबरासारखा चिकट लेप बसतो, खाली गंज बिनबोभाट चालू राहतो आणि चिंधी वरून बऱ्यापैकी स्वच्छ निघते. माणूस फसतो तो इथंच.

उन्हाळ्यात कोरड्या हवेत एक-दोन दिवस उशीर झाला तर कदाचित निभावेल. आश्विनात आपल्याकडं दिवसा पाऊस, रात्री धुकं आणि पहाटे दंव. या हवेत उद्यावर टाकलेली नळी गंजलीच समजा. बार काढला की त्याच रात्री पाणी. माळ्यावरून उतरायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. मग माळ्यावरच पाण्याची बाटली आणि चिंध्यांची पिशवी ठेवा. घरी पोचेपर्यंत निदान एक ओली आणि दोन कोरड्या चिंध्या तरी फिरवा.

नळीला हात लावण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री करा. टोपी काढा. रिकाम्या नळीत गज, म्हणजे ठासायची लांब दांडी, पार तळाला टेकवून तोंडाशी गजावर एक खूण कोरून ठेवलेली असावी. गज घातल्यावर खूण बाहेर राहिली तर आत बार भरलेला आहे. भरलेल्या नळीत ओली चिंधी कोंबायची नाही, तिच्यावर वाकायचंही नाही. बार बाहेर काढायचं काम परवानाधारक कारागिराकडंच. गजावर अशी खूण नसेल तर आजच करा.

आता धुणं. पाणी हाताला सोसेल इतकं गरम, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. उकळतं पाणी लवकर वाळतं हे खरं, पण ते वाळतावाळताच नळीवर लाल पूट धरतं, म्हणून मी कोमटाच्याच बाजूचा. आपल्याकडच्या बहुतेक बंदुकांची नळी लाकडी दस्त्यातून सहज सुटत नाही. पाणी लाकडात गेलं की दस्ता फुगतो आणि घोड्याच्या आतल्या कमानी गंजतात. यावर सोपा तोडगा असा: ठिबकची बारीक नळी निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या चोचीवर, घट्ट बसवायची आणि तिचं दुसरं टोक बादलीच्या पाण्यात सोडायचं. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखा वर-खाली केला की पाणी बादलीतून नळीत चढतं आणि परत जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास असतो. तो गंधकाचा. वास जाईपर्यंत आणि पाणी नितळ येईपर्यंत पाणी बदलत राहा. माझा अंदाज असा की, नाकाला वास येतो तोवर आत मळ आहेच, डोळ्याला दिसो न दिसो. शेवटची बादली साध्या पाण्याची, साबण राहता कामा नये.

मग कोरड्या चिंध्या. जुनं सुती धोतर सगळ्यात चांगलं, टेरिकॉट पाणी शोषत नाही. चिंधी कोरडी आणि पांढरी निघेपर्यंत फिरवा. निपल पान्यानं काढून तिचं भोक बारीक तारेनं मोकळं करा, आट्यांना तेलाचा थेंब लावा. नळी तोंड खाली करून थोडा वेळ उभी ठेवा. चुलीजवळ वाळवायची असेल तर दारू आणि टोप्यांचा डबा त्या घरातसुद्धा नको.

तेल यानंतर, आणि थोडंच. शिलाई मशीनचं तेल चिंधीला लावून एकदा फिरवलं की पुरे. खोबरेल नको, थंडीत थिजतं. गोडं तेल आणि जवस चिकट होऊन पापुद्रा धरतात. ट्रॅक्टरचं जळकं काळं ऑइल तर अजिबात नको, त्यात आम्ल आणि लोखंडाचा कीस असतो. शहरात बंदुकीच्या नावानं चकचकीत डबे मिळतात, कुठलं "गंज खाणारं", कुठलं "नळीला संरक्षक कवच देणारं". त्यातलं बरंचसं पेट्रोलियम तेलच असतं, म्हणजे धुवायच्या कामाचं नाही, आणि लावायचंच तर मशीनचं तेल तेवढंच काम करतं. औषध दुकानातल्या डुक्कर पळवणाऱ्या दाणेदार पुड्यांचंही मला तसंच वाटतं. पहिले काही दिवस वासानं कळप बिचकतो, एक जोराचा पाऊस झाला की पुडी धुऊन जाते आणि पैसेही.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस निघाली तर आत ओल राहिली होती, पुन्हा सगळं करा. आठवड्यानं आणखी एकदा बघा.

वीटेची पूड, वाळू, राख किंवा पॉलिश पेपर घालून नळी घासायची जुनी सवय काही घरांत आहे. त्यानं गंज निघतो आणि लोखंडही निघतं. गंजानं आत खड्डे पडलेली नळी कारागिराला दाखवल्याशिवाय वापरू नका. खड्ड्यात निखाऱ्याचा कण राहतो आणि पुढचा बार भरताना तो दारूला भेटतो. पातळ झालेली नळी फुटते तेव्हा डावा हात जातो. पाणीनळाचा पाईप जोडून केलेल्या गावठी बंदुकीबद्दल तर लिहायचंही नाही: ती बेकायदा आहे आणि ती धुवायला बसू नका, तिच्यापासून लांब राहा.

आपल्याकडं पीकरक्षणाच्या परवान्यावर सहसा आतून गुळगुळीत एकनळी ठासणीची बंदूक असते. कुणाकडं आतून आटे, म्हणजे पेचदार खाचा, पाडलेली जुनी ठासणीची रायफल असेल तर काम हेच, पण खाचांत मळ जास्त मुरतो. पाणी आणि चिंध्या जवळजवळ दुप्पट धरा आणि गज आट्यांच्या चालीनं फिरू द्या. लोखंडी गज तोंडाशी घासू देऊ नका, तोंड झिजलं की नेम गेला.

ठेवताना रेक्झिनच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा नको: ओल कोंडते, आणि घाईत बोळ्यासकट बार काढला तर नळी फुटू शकते. चुलीवरच्या भिंतीलाही नको. कोरड्या खोलीत, कुलपात, तोंड खाली करून, म्हणजे तेल निपलमध्ये उतरत नाही.

खंडेनवमीला पूजा करा, अवश्य करा. पण ओली हळद-कुंकू आणि झेंडूची माळ दुसऱ्या दिवशीपर्यंत नळीवर राहते आणि बरोबर त्या पट्ट्यात गंजाचं कडं उमटतं. संध्याकाळी आरती झाली की ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, तेल लावा.

राखणीला जाण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पूर्ण पुसून काढा, नाहीतर दारू तेलकट होते आणि बार फुसका जातो. मग दारू न भरता, मोकळ्या रानात नळीचं तोंड वाळल्या पानाजवळ धरून नुसती टोपी उडवा. पान हललं तर वाट मोकळी. हललं नाही तर निपल पुन्हा साफ करा. कळप आल्यावर हे करायला वेळ मिळत नाही.

बार आवाजासाठी, बिनछर्ऱ्याचा, वस्ती आणि वाटेकडं तोंड न करता. गवा आणि हत्ती 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात, आहेत, आणि भीमगड अभयारण्य आपल्या बांधाला लागून आहे. डुकराच्या बाबतीतही वनखात्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. कुंपणात वीज सोडू नका, त्यानं माणसं मरतात. अमावास्येच्या आठवड्यात आणि पाऊस उघडल्यानंतरच्या रात्री कळप हमखास उतरतो असा माझा अनुभव आहे. त्या रात्री डबे आणि बॅटऱ्या घेऊन दोघं-तिघं मिळून बसा.

बाकीची कामं:

भात: कापणीआधी 8 ते 10 दिवस खाचरातलं पाणी काढा.
तपकिरी तुडतुडे: बुंध्याशी बघा. गरज पडली तरच थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी, एकरी 40 ग्रॅम, बुंध्यावर. दुकानदार सोबत देतो ते "टॉनिक" घेऊ नका.
रब्बी ज्वारी: काणी रोग टाळायला बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम गंधक.
हरभरा: बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी). कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा, तिथं स्वस्त पडतं.
रताळी: वेल उचलून फिरवा, भेगा बुजवा.
काजू: बुंध्याभोवतीचं तण काढा.

परवान्याची तारीखही आत्ताच बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षं झाली, पण मुदत संपायच्या आधी अर्ज आपणच करायचा असतो. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते आणि तिथं ती महिनोन् महिने इतर बंदुकांच्या ढिगात पडून राहते. काढलेल्या बाराची काजळी तशीच ठेवून जमा केलेली नळी परत येते ती आतून लाल होऊन. जमा करण्याच्या आदल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे धुवा, यावेळी तेलाऐवजी ग्रीसचा किंवा व्हॅसलिनचा जाडसर हात आतून-बाहेरून द्या, दस्त्याला नाव आणि परवाना क्रमांकाची चिठ्ठी बांधा आणि पावती घ्या. परत आणली की पहिल्याच दिवशी ते ग्रीस कोमट साबणाच्या पाण्यानं काढा.